‘स्पॅनिश मॅकरेल’ला मराठीत काय म्हणावं?

खाडीकाठ :
फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर हौसेने मासे गरवणाऱ्यांवरचा एक लेख मराठीत करतेय. त्यात ‘स्पॅनिश मॅकरेल’ पानोपानी आहे. मी ‘सुरमई’ लिहिलं, संपादकांनी खोडून ‘बांगडा’ केलं, कारण कोशात मॅकरेल म्हणजे बांगडा. पण हा मासा नायलॉनची दोरी दातांनी कापून पसार होतो, म्हणून गळाच्या वर तारेचा तुकडा बांधतात. बांगडा असं करतो का?

तिरफळ :
मुळीच नाही. बांगडा प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, गाळून खातो. तुमचा मासा स्कॉम्बरोमोरस, म्हणजे आपल्या सुरमईच्याच वंशातला. लहान माशांच्या थव्यांवर तुटून पडतो, म्हणून तर गळाला लावलेली चकाकती पट्टी भरभर ओढली की झेपावतो. सुरमईच ठेवा.

ओहोटी :
वंश एक म्हणून नावही एकच का? हा स्कॉम्बरोमोरस वंशातला ‘मॅक्युलेटस’ अटलांटिकचा. अमेरिकी निसर्गअभ्यासक मिचिल यांनी १८१५ मध्ये त्याला नाव दिलं. आपल्या समुद्रात तो मिळतच नाही. कुशीवर पिवळसर सोनेरी ठिपके असतात, तर ‘सोनठिपकी सुरमई’ म्हणा. मराठीत नवा शब्द घडवायला आपण एवढे का कचरतो?

तिरफळ :
ठिपके किंग मॅकरेल या त्याच वंशातल्या दुसऱ्या माशाच्या पिल्लांनाही असतात, म्हणजे त्या नावाने घोळ वाढेल. खरी खूण कुशीवरच्या रेषेची. किंगमध्ये ती पाठीवरच्या दुसऱ्या पराखाली (पर म्हणजे माशाचा पंख) एकदम खाली वळते, स्पॅनिशमध्ये हळूहळू उतरते. शिवाय स्पॅनिशच्या पहिल्या पराचा पुढचा भाग काळा असतो.

रापण :
सुरमई तरी अस्सल मराठी कुठे? सुरम्याचा निळसर करडा रंग तो सुरमई, शब्द फारसीतून आलेला. इंग्रजीतलं ‘सीर फिश’ पोर्तुगीज ‘सेर्रा’वरून, म्हणजे करवत. आमच्या घरी इसवणच म्हणत. थोराड असेल तर ‘तोवर’.

ओहोटी :
फारसीतून आला तरी तो शेकडो तोंडांत रुळलाय. ‘स्पॅनिश मॅकरेल’ तसा रुळलेला नाही. माझा आक्षेप एवढाच आहे.

खाडीकाठ :
‘अटलांटिक सुरमई’ चालेल का? आणि ‘गरवणे’ सगळ्यांना कळेल ना? संपादक ‘गळाने मासेमारी करणे’ सुचवताहेत.

तिरफळ :
गरवणे सोडू नका! गरी टाकून मासा काढणं एका क्रियापदात सांगणारा दुसरा शब्द दाखवा. घाटावर कळत नसेल तर एकदा वाक्यातून उलगडू द्या, पुढे वाचक आपोआप घेईल.

रापण :
गरवणे हवंच. बरं, इसवणला गोव्याकडे ‘विसवण’ही ऐकलंय. ‘व’ मुळातला की मागून लागलेला?

ओहोटी :
मुळातला असावा. विळ्याचा इळा, विंचवाचा इंचू, विस्तवाचा इस्तव होतो, तसाच इथेही गळला.

रापण :
पण उलटंही होतं. ‘ओठ’ला ‘व्होट’ म्हणणारी माणसं आमच्याच घरात आहेत.