अंगकोर: आईबाबांना घेऊन काय काय बघावं?

प्रश्न: जानेवारीत आईबाबांसोबत कंबोडियात, अंगकोरजवळच्या सियाम रीपला जातोय. आईचे गुडघे दुखतात, पण देवळांची हौस दांडगी. अंगकोरची देवळं बघायला तीन दिवसांचा पास घ्यावा का?

उत्तर: नक्की घ्या. दिवस सलग वापरायची सक्ती नसते, मध्ये विश्रांती मिळते. अंगकोर वाट या मुख्य मंदिराच्या सर्वांत वरच्या टप्प्याचा जिना फार उभा आहे, तो आईंसाठी सोडा. खरं वैभव खालच्या गॅलरीतच आहे! पश्चिमेकडून आत शिरून उजवीकडे वळा: भिंतीवर कोरलेलं कुरुक्षेत्र. शरपंजरी पडलेले भीष्म आईंना लगेच ओळखू येतील. तसंच दक्षिणेकडून वळसा घालून पूर्वेला या. तिथे जवळजवळ ४९ मीटर लांब समुद्रमंथन आहे. मधोमध विष्णू, खाली कूर्म, वर अप्सरा. या एका भिंतीला निवांत तास द्या. बाबा घाई करतील, ऐकू नका.

उत्तर २: बांते स्राय चुकवू नका. इ.स. ९६७चं शिवमंदिर, गुलाबी वालुकाश्म, चढ जवळपास नाहीच. कैलास हलवणारा रावण बघाच. वेरूळच्या कैलासात पाहिला असेल तर दुप्पट आनंद होईल.

प्रश्नकर्ता: आभार! आणि अंगकोर थोम?

उत्तर: ख्मेर राजा सातव्या जयवर्मनची राजधानी. टुकटुकने दक्षिण दरवाजातून जा. तिथल्या बायोन मंदिराचे भव्य दगडी चेहरे सगळेच बघतात. तुम्ही बाहेरच्या भिंतींवरचा बाजार, स्वयंपाक, कोंबड्यांची झुंज बघा. आठशे वर्षांपूर्वीची साधी माणसं तिथे भेटतात. पाणी आणि टोपी विसरू नका.