आईची शुगर, बीपी आणि आता पावसाळा: जेवणाबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही मालवण तालुक्यातले. आईचं वय 61. बीपीची गोळी आधीपासून आहे, फेब्रुवारीत एचबीएवनसी (साधारण तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी तपासणी) 8.1 आली. सोबत मिळालेल्या आहाराच्या तक्त्यात ओट्स, ब्रोकोली, ऑलिव्ह तेल. आईने 15 दिवस कसंबसं खाल्लं, मग एका रात्री ताट सारून म्हणाली, "ह्या खावन जगण्यापेक्षा उपाशी बरी." आणि खरंच अर्धपोटी राहू लागली. शुगरची गोळी मात्र चालूच. एका पहाटे घामाने चिंब भिजली होती, हात थरथरत होते. मीटरवर 62. साखरपाणी देताना माझेच हात थरथरत होते.

त्यानंतर डॉक्टरांशी बोलून घरचंच जेवण धरलं. दुपारी उकड्या तांदळाचा भात, पण एकच वाटी आणि आधी भाजी. रात्री नाचणीची भाकरी किंवा कुळथाची पिठी. बांगडा, तारली तळायची नाही, तिरफळं घालून तिखलं करायचं. या तेलकट माशांतलं ओमेगा-3 हृदयाला चांगलं, हे डॉक्टरांनीही सांगितलं. सोलकढी आगळाची (खारवलेल्या कोकमरसाची) करत नाही, कारण आगळात मीठ असतंच. बिनमिठाची आमसुलं भिजवून करते. मे महिन्यात एचबीएवनसी 7.3 आली. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे दुपारची सुस्ती गेली, आई पुन्हा परड्यात अळवाला पाणी घालताना दिसते, चिडचिडही कमी झाली. नीट जेवलेलं माणूस वेगळंच असतं, हे मी रोज बघते आहे.

आता अडचण. मासेमारी बंद होईल. आमच्याकडे पावसाळा म्हणजे सुकट, खारवलेला बांगडा आणि पेज. दिवसभरात सगळं मिळून 5 ग्रॅमच्या आत मीठ ठेवायचं, म्हणजे जेमतेम चहाचा चमचाभर. खारा बांगडा एवढासा खाल्ला तरी तेवढं व्हायचं. मी तो रात्रभर भिजवून, दोनदा पाणी बदलून बघितला. खारटपणा उतरला, पण आई म्हणते चवही गेली. कोणी बीपीच्या माणसासाठी वेगळ्या रीतीने करतं का? की सरळ बंद करून कुळीथ, चवळी, अंड्यांवर भागवू?

दुसरं, नाचणीची आंबील प्यायल्यावर दोन तासांनी शुगर भाकरीपेक्षा जास्त दिसते. पातळ शिजवल्यामुळे लवकर पचत असावी असं वाटतं. तुमच्याकडे मीटर असेल तर तुमचा अनुभव सांगा.

आणि टाकळ्याची भाजी आई फणसाच्या आठळ्या घालूनच खाते. आठळ्या पिठूळ असतात, मग त्या दिवशी भात किती कमी करायचा? अर्धी वाटी म्हटलं तर ती आठळ्या बाजूला काढून ठेवते आणि भात मागते.