मांड्यांच्या लोंबत्या कातडीचं ऑपरेशन, कुणी केलंय का?

नमस्कार ताई-दादांनो, मी परभणीची. बॅरिॲट्रिक (वजन उतरवायच्या) ऑपरेशननंतर ४२ किलो उतरले, वर्षभर वजन तिथंच टिकून आहे. पण मांड्यांची कातडी लोंबते, उन्हाळ्यात घासून पार सोलवटते. संभाजीनगरच्या प्लास्टिक सर्जननी थाय लिफ्ट, म्हणजे मांडीची जादा कातडी कापून शिवायचं ऑपरेशन, सुचवलंय. टाके जांघेत, त्यामुळे जखम उशिरा भरणं, उसवणं, आत पाणी साचणं, पायात रक्ताची गुठळी, असे धोके त्यांनीच सांगितले. महिनाभर आधी तंबाखू बंद म्हणे. त्यात माझी मिसरीही आली, तीच मेली सुटेना! घरी भारतीय संडास आहे. उकिडवं बसून टाके उसवतील का? ऑपरेशननंतर घालायचं घट्ट प्रेशर गारमेंट परभणीसारख्या उन्हात कसं सोसलं? आणि गुठळीची भीती असताना परतीचा लांबचा प्रवास कितव्या दिवशी केलात?