विषय : उत्तर : स्कूल बोर्डाला द्यायचे गीतेचे पत्र – लेटरहेड

प्रेषक : हायस्कूल पालक गट

सर्वांस सप्रेम नमस्कार.

हायस्कूलमध्ये भगवद्गीता हा ऐच्छिक विषय सुरू करावा, या मागणीचे आपले पत्र गुरुवारच्या बैठकीआधी स्कूल बोर्डाकडे पोहोचायला हवे. माझी विनंती एवढीच, की ते आपल्या मराठी मंडळाच्या लेटरहेडवर जाऊ नये. टेक्सासने २००७ साली ज्या कायद्यान्वये नववीपासून पुढे बायबलचा जुना व नवा करार ऐच्छिक विषय म्हणून शिकवण्याची सोय केली, त्याच कायद्याने इतर धर्मांच्या ग्रंथांवरील विषयालाही मज्जाव केलेला नाही आणि तो सुरू करताना विद्यार्थी-पालकांची मागणी विचारात घेण्याची मुभा स्कूल बोर्डाला दिली आहे. तेव्हा सह्या पालकांच्याच हव्यात.

प्रेषक : माजी अध्यक्ष

गणेशोत्सवासाठी शाळेचे सभागृह मिळवण्यापासून स्कूल बोर्डाशी बोलणी मंडळच करत आले आहे. पत्रावर मंडळाचे नाव नसेल, तर ही मागणी कोणाची, असे तेही विचारतील. शिकवण्यासाठी आमचे ज्येष्ठ सभासद विनामूल्य तयार आहेत, हेही पत्रात राहावे.

प्रेषक : रविवारची मराठी शाळा

काका, आपल्या ओळखीचा उपयोग बैठकीत नक्की होईल, पण शिकवण्याचा प्रस्ताव कृपया गाळावा. बायबलच्या विषयासाठीसुद्धा शिक्षक निवडताना त्याची श्रद्धा पाहता येत नाही. मग आपण आपली माणसे कशी सुचवायची?

मला खरी काळजी पत्राच्या तिसऱ्या परिच्छेदाची आहे. ‘मुलांवर आपले संस्कार व्हावेत’ हे वाक्य राहिले, तर पत्र तिथेच अडेल. १९६३ च्या शेम्प खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांतले धार्मिक बायबलवाचन घटनाबाह्य ठरवले, पण साहित्य आणि इतिहास म्हणून तटस्थपणे होणाऱ्या अभ्यासाला वाट ठेवली. आपली मागणी त्याच वाटेने जायला हवी. पहिला अध्याय वाचताना आमच्या वर्गातल्या एका मुलीने विचारले, ‘अर्जुनाचं बरोबर नव्हतं का?’ हा प्रश्न तिला शाळेच्या वर्गातही, ज्यांच्या घरी गीता नाही अशा मुलांसमोर, मोकळेपणाने विचारता आला पाहिजे, आणि कोणी गीतेशी असहमत झाले तरी त्याचे गुण कापले जाता कामा नयेत.

प्रेषक : हायस्कूल पालक गट

ताईंशी पूर्ण सहमत. तिसरा परिच्छेद आणि शिकवण्याचा प्रस्ताव काढला आहे. एकाच इंग्रजी भाषांतराचा आग्रहही वगळला असून, निरनिराळी भाषांतरे शेजारी ठेवून वाचावीत, असे लिहिले आहे. काका, बैठकीत पालकांच्या वतीने आपणच बोलावे. सह्यांचा कागद रविवारी मराठी शाळेच्या दाराशी ठेवतो.