शिकारीला ट्रक कॅम्पर की ट्रेलर? (कोलोरॅडो, एल्क म्हणजे मोठं हरीण, नोव्हेंबर)

ताणलेला_पट्टा: काल इथे एकाने ठोकून दिलंय, "एल्कला ट्रक कॅम्परच. ट्रेलर म्हणजे सिमेंटच्या कट्ट्यावर मुक्काम करणाऱ्यांचं काम." डोक्यात गेलं, म्हणून हा पसारा. (नवख्यांसाठी: कॅम्पर म्हणजे ट्रकच्या हौद्यात बसवायचं छोटं घर, ट्रेलर म्हणजे मागे ओढायचं.)

आधी ट्रकच्या दाराच्या चौकटीवरचं पिवळं स्टिकर वाचा, त्यावर पेलोड असतो, म्हणजे ट्रक माणसांसकट किती वजन वाहू शकतो ते. थ्री-क्वार्टर टन (हे ट्रकच्या वर्गाचं नाव, खरं वजन नव्हे), डिझेल, चार दारांची क्रू कॅब: बहुधा 2,000 ते 2,500 पाउंड. आता मोजा. ब्रोशरमधला कॅम्पर 2,400. पाणी 30 गॅलन, म्हणजे 250. दोन भरलेले सिलिंडर 75. दोन माणसं 360. बॅटऱ्या, कॅम्पर बांधायचे टाय-डाउन, रायफली, कूलर, शिधा मिळून 300. झाले 3,385, आणि एल्क अजून पडायचाय! हाडं काढलेल्या मांसाचे वर 200. ब्रोशरमधलं 'ड्राय वेट', म्हणजे रिकाम्या कॅम्परचं वजन, ही शुद्ध काटामारी आहे.

फोर_लो: हिशोब बरोबर, ट्रक चुकीचा. त्यावरच्या वर्गाचा वन-टन, पेट्रोल, लाँग बेड (लांब हौद्याचा) घ्या. स्टिकरवर 4,000 च्या आसपास मिळतात. डिझेल इंजिनाचं जादा वजन पेलोडमधूनच जातं, हे कुणी बोलत नाही. कॅम्परच्या अंगावर गुरुत्वमध्याची खूण असते, ती मागच्या ॲक्सलच्या पुढे पडली पाहिजे. शॉर्ट बेडवर लाँग बेडचा कॅम्पर चढवायचा आणि मग 'ट्रकचं नाक वर जातं' म्हणून रडायचं!

आता तुम्ही सांगा. एकेरी फॉरेस्ट रोड, पुढे झाड आडवं, मागे 24 फुटी ट्रेलर. वळवणार कुठे?

ताणलेला_पट्टा: वर न्यायचाच कशाला? खाली रुंद जागी तळ, पहाटे चारला ट्रक एकटा वर. तुमची गोगलगाय रोज घर पाठीवर घेऊन जाणार.

फोर_लो: अहो, कॅम्पर उतरवता येतो! चारही जॅक थोडे थोडे, पुढची बाजू जरा उंच ठेवून.

ताणलेला_पट्टा: सपाट जागा मिळाली तर. चिखलात जॅकचा पाय रुततो, खाली जाड फळ्या लागतात. आणि विजेची केबल काढायची राहिली की ट्रक पुढे घेताना सॉकेटच उपटून येतं.

जुनी_भट्टी: दोघंही मुद्दा सोडून भांडताय. पहाटे तीनला फर्नेस (आतला गॅसचा हीटर, पंखा बॅटरीवर) बंद पडला की कॅम्पर काय आणि ट्रेलर काय! पंखा 7 अँपिअर खाणारा असेल आणि रात्रीतून पाच तास फिरला, तर 35 अँपिअर-तास गेले. 100 अँपिअर-तासांची लेड ॲसिड बॅटरी, वापरायचे निम्मे, थंडीत त्याहून कमी. दुसऱ्या रात्री कुडकुडा.

लिथियम_झिंदाबाद: म्हणूनच लिथियम.

जुनी_भट्टी: शून्य अंशाखाली चार्ज होत नाही, झिंदाबाद! गरम गादीवाली घ्या, नाहीतर बॅटरी आत बिछान्याखाली ठेवा. सोलर म्हणाल तर नोव्हेंबरात स्प्रूसच्या सावलीत ते फक्त शोभेला.

लिथियम_झिंदाबाद: मग बडी हीटर लावू, तो छोटा गॅसचा, बॅटरी नको.

जुनी_भट्टी: 7,000 फुटांच्या वर त्याचा ऑक्सिजन सेन्सर ज्योत विझवू शकतो. एल्क त्याहून वर. शिवाय जळताना वाफ सोडतो, सकाळी भिंतींना पाणी. डिझेल हीटर उंचीचं सेटिंग नसेल तर काजळी धरतो. कुठलंही लावा, पण कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आणि खिडकीची फट हवीच.

फक्त_वाचक: मुक्या प्राण्यांना मारायला एवढा खटाटोप? आपल्याकडे बंदी आहे.

फोर_लो: 1972 चा आपला वन्यजीव कायदा रॉकी पर्वतात लागू नाही, ताई. धागा हीटरवर गेलाय, तिथेच राहू द्या.

ताणलेला_पट्टा: बरं, वन-टन पेट्रोल असेल तर कॅम्पर चालेल. म्हणजे आधी नवा ट्रक, मग कॅम्पर, मग फळ्या. किती स्वस्तात पडलं!

फोर_लो: एवढं कबूल केलंत, उपकार झाले. एक फुकटचा सल्ला घ्या: एल्कचे कूलर ट्रेलरच्या मागच्या टोकाला कोंबू नका. टंग वेट, म्हणजे ट्रेलरचा ट्रकच्या हुकवर पडणारा भार, ट्रेलरच्या वजनाच्या 10 टक्क्यांखाली गेलं की घाट उतरताना शेपूट हलायला लागते. मांस ट्रकच्या हौद्यात ठेवा, तिथे तुमच्याकडे जागाच जागा आहे.