यावलहून फोनवर केनियातली शेती सांभाळायची कशी?

यावलचे काका:
रामराम मंडळी. कृषी सहायक म्हणून निवृत्त झालो, घरची चार एकर केळी पोरगा बघतो. मामा रिकामाच आहे म्हणून भाच्यानं गळ घातली. केनियात त्सावो राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला त्याच्या ओळखीचे लोक बारा एकर मका-मूग करतात. हत्ती आत शिरू नयेत म्हणून भोवती मधमाश्यांचं कुंपण: दर दहा मीटरला पेटी, सगळ्या एका तारेत ओवलेल्या. हत्ती तारेला धडकला की पेट्या हलतात, माश्या उठतात. काही पेट्या नुसत्या देखाव्याच्या. मी इथून देखरेख करायची, बिनपगारी.

पहिल्याच आठवड्यात फजिती. मुकादमानं फोनची वेळ कळवली, "सा टाटू", म्हणजे तीन. ते आपल्यापेक्षा अडीच तास मागे, म्हणून मी साडेपाचला चहा घेऊन बसलो. नंतर कळलं, स्वाहिलीत तास सकाळी सहापासून मोजतात. त्यांचे तीन म्हणजे सकाळचे नऊ! बिचारा केव्हाच वाट बघून गेलेला.

ते जाऊ द्या. रोज फोटो येतात, सगळे हिरवेगार. परवा एका व्हिडिओत मात्र मागच्या मक्याच्या पोंग्यात, म्हणजे मधल्या कोवळ्या पानांच्या सुरळीत, भुसा दिसला. लष्करी अळीच ती, 2018 पासून आपण काय कमी भोगलीय? विचारलं तर "हाकुना शिदा", काही अडचण नाही. आता काय करू?

धुळेकर भाऊ:
काका, घरनी केळी पोऱ्या दखस नि तुम्ही केनिया दखी ऱ्हायनात! रागवू नका हं.

पिंपळनेरची ताई:
काका, "ठीक आहे ना?" विचारलंत तर "ठीक" हेच येणार. मोजायला लावा. एका ओळीतली वीस झाडं, त्यातले किती पोंगे खाल्लेले? पेट्यांना नंबर द्या, कुठल्या नंबरात माश्या आहेत ते विचारा. फोटो रोज त्याच खुंटीपासून घ्यायला सांगा.
आणि औषध तुम्ही ठरवू नका. आमच्या साक्री तालुक्यातलं बारीपाडा बघा. जंगल राखल्याबद्दल तिथल्या चैत्राम पवारांना 2025 ला पद्मश्री मिळाली, पण जंगल राखायचे नियम गावानं बसून केले. तिथं कुणी फोनवरून राखण केली नाही.

यावलचे काका:
ताई, मोजलं. वीसात सात पोंगे खाल्लेले, चार आणि नऊ नंबरच्या पेट्या रिकाम्या. मोजणी मुकादमाच्या बायकोनं केली. ती म्हणाली, पोंग्यात वाळू नि राख टाकणं आठ दिवसांपूर्वीच सुरू केलंय. मग सांगितलं का नाही? तर म्हणे, तुम्ही विचारलंच नाही! मी इकडे कीटकनाशकांची यादी करून बसलो होतो.
आता फोन साडेअकराला करतो.
धुळेकर भाऊ, काल आपल्याच केळीची पानं उलटून पाहिली. करपा रोग. पोरगाही "सगळं ठीक" म्हणत होता.