जुन्या काशिहोन मांगा मिळवणे आणि स्कॅन करणे : जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे

प्रश्न : आडवेपान

नमस्कार. जपानबाहेर राहणाऱ्या सहा-सात वाचकांचा आमचा एक छोटा गट आहे. १९५० आणि १९६०च्या दशकांत जपानमध्ये पुस्तके भाड्याने देणाऱ्या दुकानांसाठी खास मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, छापल्या जात. या मांगांना तिकडे काशिहोन म्हणतात आणि आमची सगळी ओढ त्यांच्याकडे आहे. तात्सुमी योशिहिरो यांनी १९५७ साली ज्या गंभीर, मोठ्या वाचकांसाठीच्या चित्रकथांना 'गेकिगा' हे नाव दिले, त्या कथा याच दुकानांतून वाचल्या गेल्या. १९६४ साली सुरू झालेल्या 'गारो' मासिकात पुढे गाजलेले शिराटो सान्पेई आणि मिझुकी शिगेरू यांनीही आधी काशिहोनसाठीच चित्रे काढली होती. इतके असूनही मोजक्या नामवंतांची पुस्तके सोडली, तर बाकीची नुसती पाहायला मिळणेही कठीण झाले आहे.

आमच्यापैकी एक जण येते वर्षभर शिक्षणासाठी टोकियोत राहणार आहे. त्याच्यामार्फत काही प्रती विकत घ्याव्यात, त्या नीट स्कॅन कराव्यात आणि जमल्यास भाषांतरासह परदेशातल्या इतर चाहत्यांपुढे ठेवाव्यात, असा विचार चालू आहे. पहिलाच अनुभव मात्र फारसा बरा आला नाही. लिलावाच्या एका संकेतस्थळावरून घेतलेल्या प्रतीत मधली दोन पाने नव्हती. विक्रेत्याने वर्णनात तसे लिहिलेही होते, पण ते लिहिण्याची पद्धत आम्हाला कळली नाही. प्रती कोठे शोधाव्यात, काय पाहून घ्याव्यात, पुस्तकाला इजा न करता स्कॅन कसे करावे आणि त्यातले काय इतरांना देता येते, याबद्दल अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

उत्तर : जुनीप्रत

आपल्या मित्राने टोकियोत उतरल्यावर नाकानो ब्रॉडवे हे बाजारसंकुल आणि जिंबोचो हा जुन्या पुस्तकांच्या दुकानांचा भाग, ही दोन ठिकाणे पायाखाली घालावीत. १९८० साली नाकानो ब्रॉडवेच्या इमारतीत जुन्या मांगांचे एक लहान दुकान म्हणून मांदाराके सुरू झाले. संस्थापक फुरुकावा मासुझो हे स्वतः 'गारो'त चित्रे काढणारे होते, त्यामुळे इतरत्र रद्दीच्या भावाने जाणाऱ्या पुस्तकांची किंमत तिथे पहिल्यापासून ओळखली गेली. याचा अर्थ असाही होतो की तिथे काहीही चुकून स्वस्तात मिळत नाही. जिंबोचोतली दुकाने एकेका विषयाला वाहिलेली असतात, आणि मांगांची दुकाने थोडी असली तरी तिथल्या विक्रेत्याला आपण नेमके काय शोधतो आहोत हे सांगून ठेवण्याचा उपयोग होतो. घरबसल्या शोधायचे असेल तर जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्यांच्या महासंघाचे 'निहोन नो फुरुहोन्या' हे संकेतस्थळ आहे. त्यावर देशभरातल्या दुकानांच्या याद्या एकत्र पाहता येतात.

आता वर्णनाच्या भाषेविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण पैसे बहुधा इथेच बुडतात. 'याके' म्हणजे कागद उन्हाने किंवा वयाने तपकिरी पडणे, 'शिमी' म्हणजे डाग. या दोन्हींमुळे किंमत उतरते, परंतु स्कॅन करणाऱ्याचे त्यातून फारसे बिघडत नाही. 'राकुचो' हा शब्द दिसला की मात्र थांबावे, कारण त्याचा अर्थ पाने नाहीत असा आहे, आणि आपल्या प्रतीच्या वर्णनात बहुधा हाच शब्द असावा. 'किरिनुकी' म्हणजे कोणीतरी कात्रीने चित्र कापून घेतले आहे. 'हादाकाबोन' म्हणजे वरचे वेष्टन नसलेले पुस्तक. संग्राहकाला ते नको असते आणि म्हणूनच ते आपल्यासारख्यांना परवडते.

काशिहोनच्या बाबतीत 'काशिहोन आगारी' हा शब्द सर्वांत महत्त्वाचा आहे. प्रत भाड्याच्या दुकानात प्रत्यक्ष फिरून आलेली आहे, असे तो सांगतो. अशी पुस्तके शेकडो हातांतून गेलेली असतात. पाने सुटू नयेत म्हणून दुकानदार कण्याजवळ भोके पाडून दोरा ओवीत आणि वर दुकानाचा शिक्का मारीत. न फिरलेली, कोरी राहिलेली प्रत अनेक पटींनी महाग असते. तुमचा हेतू वाचण्याचा आणि जतनाचा असेल तर देखण्या प्रतीच्या मागे न लागता पूर्ण प्रत घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. एकाच पुस्तकाच्या दोन फाटक्या प्रती मिळून एक अखंड प्रत होऊ शकते आणि ती कोऱ्या प्रतीपेक्षा पुष्कळ स्वस्त पडते.

जाता जाता एक सूचना करतो. आपल्या मित्राने स्वतःसाठी पुस्तके घेणे वेगळे, आणि नफा ठेवून नियमितपणे इतरांसाठी घेऊन विकणे वेगळे. दुसऱ्या गोष्टीसाठी जपानमध्ये जुन्या वस्तूंच्या व्यापाराचा परवाना लागतो, आणि शिकायला आलेल्या परदेशी माणसाने त्या भानगडीत पडू नये.

उत्तर : करडीछटा

मी गेली काही वर्षे जुनी मासिके स्कॅन करतो आहे, त्यामुळे तेवढ्यापुरतेच लिहितो.

जपानी भाषेत स्वतःची पुस्तके स्वतः स्कॅन करण्याला 'जिसुई' म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ स्वतःचे जेवण स्वतः रांधणे असा आहे. जिसुई करणारे बहुतेक लोक पुस्तकाचा कणा कापून सुटी पाने यंत्रात सरकवतात. बाजारात शेकड्यांनी मिळणाऱ्या आजच्या खंडासाठी ते ठीक आहे, पण काशिहोनच्या बाबतीत तो विचार मनातही आणू नये. साठ वर्षांचा लगद्याचा कागद आम्लामुळे इतका ठिसूळ झालेला असतो की सरकत्या यंत्रात पान अडकले तर ते तुकड्यांनीच बाहेर येते.

वर ज्या ओवलेल्या दोऱ्याचा उल्लेख आला तीच खरी अडचण आहे. त्या दोऱ्यामुळे पुस्तक पूर्ण उघडत नाही आणि कण्यालगतची चित्रे घडीत जातात. दोरा काढण्याचा मोह होतो, परंतु तो दोरा हाही त्या पुस्तकाच्या इतिहासाचा भाग आहे, आणि काढल्यावर पाने सुटी होतात ती वेगळीच. ज्या स्कॅनरची काच थेट कडेपर्यंत येते त्यावर पुस्तक काटकोनात उघडून एकेक पान टेकवता येते. ते जमत नसेल तर पुस्तक आधारावर अर्धवट उघडे ठेवून वरून कॅमेऱ्याने छायाचित्र घ्यावे आणि दोन्ही बाजूंनी साधारण पंचेचाळीस अंशांत दिवे लावावेत. स्कॅनर घ्यायचाच असेल तर सीसीडी प्रकारचा, म्हणजे भिंग-आरशांतून चित्र टिपणारा घ्यावा. सीआयएस प्रकारच्या पातळ स्कॅनरला काचेपासून किंचित वर उचललेला भागही धूसर दिसतो.

काळी रेघ दिसते म्हणून निव्वळ काळे-पांढरे स्कॅन करू नये. मी सहाशे डीपीआयवर (म्हणजे दर इंचाला सहाशे ठिपके) रंगीत स्कॅन करतो आणि मूळ फाइल टिफ या दर्जा न घटवणाऱ्या स्वरूपात, काहीही न सुधारता ठेवतो. मुलांच्या मासिकांत गुलाबी, हिरवट किंवा निळसर कागदावर रंगीत शाईने छापलेली पाने असत. ती करड्या छटेत घेतली तर पुढे कोणालाच कळणार नाही की पान मुळात कसे होते. मागच्या बाजूची छपाई झिरपून दिसू नये म्हणून प्रत्येक पानामागे काळा कागद ठेवावा. पांढरा कागद ठेवल्यास उलट परिणाम होतो, हे मला दोन अंक पूर्ण झाल्यावर कळले.

छापील चित्रांत करड्या छटा बारीक ठिपक्यांनी दाखवतात, त्यांबाबत एवढेच सांगतो की स्कॅन कमी डीपीआयवर घेतले किंवा नंतर चित्र घाईने लहान केले, तर ठिपक्यांवर लाटांसारखी नक्षी उमटते आणि ती नंतर पूर्ण जात नाही. म्हणून मोठ्या आकारात घ्यावे, सरळ करण्याचे काम मोठ्या आकारातच उरकावे आणि लहान करणे अगदी शेवटी, एकदाच करावे. पान पांढरेशुभ्र करण्याची चाहत्यांना भारी हौस असते. वाचायच्या प्रतीत ती खुशाल भागवावी, मूळ फाइलला मात्र हात लावू नये.

उत्तर : कायदेपंडित नव्हे

वरील दोन्ही उत्तरे उत्तम आहेत, परंतु मूळ प्रश्नातला 'इतर चाहत्यांपुढे ठेवाव्यात' हा भाग कोणी विचारात घेतलेला नाही.

जपानी कायद्यानुसार स्वतः वापरण्यासाठी स्वतः प्रत काढता येते. ती दुसऱ्याकडून काढून घेता येत नाही. पैसे घेऊन लोकांची पुस्तके स्कॅन करून देणाऱ्या व्यवसायाविरुद्ध काही लेखकांनी दावा लावला होता. बौद्धिक संपदा उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१४ मध्ये लेखकांच्या बाजूने निकाल दिला आणि २०१६ साली सर्वोच्च न्यायालयात तोच कायम राहिला. त्यामुळे आपण पुस्तक टोकियोतल्या कोणा सेवेकडे देऊन स्कॅन करून घ्यावे, असे कोणी सुचवले तर ऐकू नये. परवानगीशिवाय महाजालावर चढवणे हा तर सरळ गुन्हा आहे, आणि त्याला दहा वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटी येनपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. जानेवारी २०२१ पासून बेकायदा चढवलेल्या मांगा जाणूनबुजून उतरवून घेणेही कायद्याच्या कक्षेत आले आहे. भाषांतरालाही वेगळी परवानगी लागते, आणि आपण राहता त्या देशाचा कायदा त्याहून निराळा असू शकतो.

तरीही सगळी दारे बंद आहेत असे नाही. जपानमध्ये स्वामित्वहक्काची मुदत ३० डिसेंबर २०१८ रोजी लेखकाच्या मृत्यूनंतर पन्नासवरून सत्तर वर्षे झाली, पण आधीच संपलेले हक्क परत जिवंत झाले नाहीत. म्हणून १९६७ अखेरपर्यंत निधन पावलेल्या लेखकांचे साहित्य तिथे मुक्त आहे, आणि १९६८ साली वारलेल्या लेखकाचे साहित्य मात्र २०३८ अखेरपर्यंत संरक्षित आहे. काशिहोनच्या संदर्भात आणखी एक मुद्दा येतो. टोपणनावाने लिहिणारा खरा माणूस कोण हे सर्वज्ञात नसेल आणि त्याची नोंदही नसेल, तर मुदत प्रकाशनापासून मोजली जाते. या क्षेत्रात अशी टोपणनावे पुष्कळ आहेत. पण 'मला माहीत नाही' म्हणजे 'सर्वज्ञात नाही' असे नव्हे, हे कृपया ध्यानात घ्यावे.

हक्क जिवंत असतील तर परवानगी प्रकाशकाकडे न मागता चित्रकाराकडे किंवा त्याच्या वारसांकडे मागावी, कारण मांगांचा स्वामित्वहक्क सहसा चित्रकाराकडेच राहतो. वारस सापडतच नसतील तर शोध घेतल्याचा पुरावा देऊन आणि भरपाईची रक्कम जमा करून, जपान सरकारच्या सांस्कृतिक व्यवहार संस्थेच्या आयुक्तांकडून वापराची मुभा मिळवण्याची कायदेशीर सोयही आहे. छोट्या गटाला ती जड जाईल, हे मान्य करतो.

उत्तर : भिजलेलेबोट

कायद्याविषयी लिहिलेले सगळे मान्य आहे, तरी एक विचारावेसे वाटते. ज्या प्रकाशकाचे दुकान १९६०च्या दशकातच बंद झाले आणि ज्या चित्रकाराचे खरे नावही कोणाला ठाऊक नाही, त्याच्या पुस्तकाची शेवटची प्रत कुजत असताना आपण परवानगीची वाट पाहत बसायचे का? चाहत्यांनी नियम मोडले म्हणूनच पुष्कळ गोष्टी आज आपल्याला पाहायला मिळतात.

उत्तर : कायदेपंडित नव्हे

आपण दोन गोष्टी एकत्र करीत आहात. प्रत कुजू नये म्हणून ती स्वतःसाठी स्कॅन करायला कोणीच अडवलेले नाही. अडचण ती इतरांना वाटून देण्यात आहे. शिवाय चाहत्यांनी जमवलेले स्कॅन परवानगीने लोकांपुढे ठेवण्याचा प्रयोग जपानमध्येच झालेला आहे. मांगाकार आकामात्सु केन यांनी २०१० साली स्वतःची पूर्ण झालेली मालिका जाहिरातींसह विनामूल्य खुली केली, आणि त्यातून पुढे 'मांगा तोशोकान झेड' हे संकेतस्थळ उभे राहिले. बाजारातून गेलेल्या मांगा तिथे चित्रकाराच्या संमतीने ठेवल्या जात आणि जाहिरातींचे उत्पन्न चित्रकाराला मिळे. रकमा स्वीकारणाऱ्या मध्यस्थ कंपन्यांनी करार थांबवल्यामुळे नोव्हेंबर २०२४ मध्ये ते बंद करावे लागले, ही दुःखाची गोष्ट आहे, पण त्याला चित्रकारांचा नकार कारणीभूत नव्हता. विचारले तर लोक हो म्हणतात, असा माझाही अनुभव आहे. वारसांना तर वडिलांचे पुस्तक कोणाला आठवते याचेच अप्रूप असते.

उत्तर : जुनीप्रत

या वादात पडत नाही, पण एक पुरवणी जोडतो. आपल्याजवळची प्रत शेवटची आहे असे समजण्याआधी तीन जागा पाहाव्यात. काशिहोनचे दुकान चालवलेले नाइकी तोशिओ यांनी १९७८ साली टोकियोत मांगांचे खासगी ग्रंथालय उघडले, आणि तो संग्रह आता मेइजी विद्यापीठाकडे आहे. त्याच विद्यापीठाचे मांगा-समीक्षक योनेझावा योशिहिरो यांच्या नावाचे ग्रंथालय जिंबोचोपासून चालत जाण्याइतके जवळ आहे. क्योतो येथे एका जुन्या शाळेच्या इमारतीत २००६ साली सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय मांगा संग्रहालयात सुमारे तीन लाख वस्तू आहेत. तिसरी जागा म्हणजे राष्ट्रीय संसद ग्रंथालय. नियमाने प्रत्येक प्रकाशन तिथे जमा व्हायला हवे, परंतु काशिहोनच्या बाबतीत तिथे मोठी भगदाडे आहेत. त्यांची घरबसल्या वाचण्याची सेवा मांगांना लागू नाही. मात्र ठरावीक भागाच्या छायाप्रती शुल्क घेऊन परदेशातही पाठवल्या जातात, आणि पुस्तकाच्या बाबतीत ही मर्यादा साधारण निम्म्या भागाची असते.

आडवेपान

सर्वांचे मनापासून आभार. वर्णन पुन्हा काढून पाहिले, त्यात 'राकुचो' हाच शब्द आहे. गटात बोलून असे ठरवले आहे की स्कॅन आमच्यापुरतेच ठेवायचे. इतरांसाठी सध्या फक्त नोंदी प्रसिद्ध करायच्या आणि त्यांत शीर्षक, टोपणनाव, प्रकाशक, वर्ष, पानांची संख्या आणि प्रतीत काय गहाळ आहे, एवढेच द्यायचे. दोन चित्रकारांच्या वारसांना जपानी भाषेत पत्र लिहिण्याचे काम मित्राने अंगावर घेतले आहे. राहिली आमची ती दोन पाने. संसद ग्रंथालयाच्या यादीत हे पुस्तक सापडले आहे, तेव्हा त्यांच्या छायाप्रतींसाठी अर्ज करताना पानांचे क्रमांक द्यावे लागतात की मजकुरावरून ते शोधून देतात?

उत्तर : जुनीप्रत

क्रमांक द्यावे लागतात. काशिहोनच्या पानांवर ते पुष्कळदा छापलेलेच नसतात, म्हणून मुखपृष्ठानंतरच्या पहिल्या पानापासून मोजून गहाळ पानांच्या आधीच्या आणि नंतरच्या चित्राचे वर्णन अर्जासोबत लिहावे, आणि दोनऐवजी चार पाने मागावीत.